आपली भातशेती आणि सुट्टीत येणारी नातवंडे

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे, कुलदैवतांची माहिती व संस्थेच्या कार्याचा अहवाल प्रसिद्ध होत असतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या चार खाचरांवर आपल्या पूर्वजांनी संसार केले, त्या खाचरांचा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणून यंदा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या घरोघरी दिसणारी एक साधी गोष्ट विचारासाठी घेतली आहे. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून नातवंडे गावी येतात, आंबे-फणस खातात, आणि मृगाचा पाऊस पडतो न पडतो तोच परत जातात. ती आज घरी पाहुणी म्हणून येतात. आमच्या लहानपणी नातवंडे पाहुणी नव्हती. ती घरचीच होती. हा फरक केव्हा पडला व कशामुळे पडला, हे पाहणे उद्बोधक आहे.

आपली ज्ञाती मुळात कुळांची. जमीन कसणारे आपण आणि तिचा वसूल घेणारे खोत, अशी कोकणातील कित्येक पिढ्यांची व्यवस्था होती. भातजमिनीच्या उत्पन्नाचा अर्धा भाग अर्धेलीने व वरकस जमिनीच्या पिकाचा तिसरा भाग तिर्धेलीने खोताच्या घरी पोहोचता करावा लागे. शिवाय वेठ निराळीच. उरलेल्या धान्यावर वर्ष निघत नसे. अशा स्थितीत १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढे गिरण्यांची संख्या वाढत गेली, तेव्हा घरटी एक तरी पुरुष मुंबईची वाट धरू लागला. १८८० साली मुंबई सरकारने खोतीसंबंधी कायदा केला, आणि त्याच साली टपालखात्याने मनिऑर्डरीची सोय सुरू केली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. परंतु कोकणच्या कुळाचे जीवन पुढे ह्याच दोन टोकांमध्ये बांधले गेले. इकडे खोताचा वसूल व तिकडून पोराची मनिऑर्डर.

मुंबईस गेलेला पुरुष आगबोटीने ये-जा करी. जयगड, दाभोळ, हर्णै ह्या बंदरांत बोट दूर उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यास आणीत. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद होई. म्हणजे शेतीत माणसांची सर्वांत जास्त गरज ज्या लावणीच्या दिवसांत, नेमका त्याच दिवसांत घरचा तरुण मुंबईत अडकलेला असे. मग शेती कोणी केली? ती केली म्हाताऱ्यांनी, बायकांनी आणि मुलांनी. मिळवता पुरुष मुंबईच्या चाळीत एकटा राही. त्याची बायकामुले गावी आजा-आजीपाशी असत. आमचेही वडील गिरणीत होते व आम्ही आजीच्या हाताखाली वाढलो. त्या घरात नातू हा कामाचा गडी होता. मोठ्यांच्या मागे मागे फिरतच तो शेती शिके. ती शिकविण्यासाठी वेगळी शाळा लागत नसे.

तरुण वाचकांना ठाऊक नसेल म्हणून ह्या कामांचा क्रम येथे देतो. शिमग्याच्या आगेमागे भाजवळीची तयारी सुरू होई. दाढीच्या जागेवर प्रथम शेण पसरावयाचे, त्यावर तोडून वाळविलेली कवळ, त्यावर गवत व पातेरा, आणि सर्वांवर बारीक मातीचा थर द्यावयाचा. मग वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवावयाचे, म्हणजे आग सावकाश सरकते, तणाचे बी जळते व राख मातीत मिसळते. एक एकर लावणीला सुमारे चार गुंठे दाढ लागते, हा हिशेब निरक्षर आजीलाही पाठ असे. वैशाखात बांधबंदिस्ती, गडग्यांची डागडुजी, घराची शाकारणी, लाकूडफाटा भरणे, इरली विणणे, आमसुले व साठे वाळविणे ही कामे चालत. रोहिणीत अथवा मृगात दाढ पेरीत. तीनएक आठवड्यांत रोप तयार झाले की आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात चिखलणी, गुटा फिरविणे आणि लावणी. श्रावणात बेणणी. घटस्थापनेच्या सुमारास हळवी भाते तयार होत व गरवी दिवाळीपर्यंत उभी राहत. कापणी, झोडणी, वारवणे झाले की पेंढ्याची उडवी रचीत आणि भात कणगीत जाई. रोपाच्या मुठी बांधावरून पोहोचविणे, गुरे वळणे, पाखरे हाकणे, कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर नेणे ही मुलांची कामे ठरलेली होती.

जमीन आपल्या मालकीची झाली ती सहजासहजी नव्हे. अलिबागजवळील चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला व त्या काळात जमिनी कसल्या नाहीत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. ज्या सातबाऱ्याच्या उताऱ्याकडे आज आपण केवळ कागद म्हणून पाहतो, त्याच्यामागे एवढा इतिहास उभा आहे.

परंतु येथेच दैवाचा विचित्र खेळ दिसतो. जमीन नावावर झाली त्याच काळात बायकामुले मुंबईस जाऊ लागली. तेथे शाळा होत्या, दवाखाने होते. जाणाऱ्यांस दोष देण्याचे कारण नाही. चाळीत जन्मलेली मुले सुट्टीपुरती गावी येऊ लागली आणि नातू पाहुणा झाला तो त्या वेळी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला व लांबत गेला, तेव्हा अनेक कुटुंबे गावी परतली. त्या कठीण दिवसांत ज्यांची खाचरे पेरलेली होती त्यांच्या चुलीवर निदान भाताची पेज तरी शिजली. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली व गाव एका रात्रीच्या अंतरावर आले. वाट जवळ झाली, पण शेत जवळ आले नाही. शिमगा, मे महिना व गणपती ह्या आपल्या येण्याच्या तीनही वेळा पाहिल्या, तर लावणी आणि कापणी त्यांच्या बाहेरच राहतात. पाहुण्यास हिरवे शेत दिसते. ते हिरवे कसे झाले हे दिसत नाही.

आमचा दहा वर्षांचा नातू एकदा दिवाळीच्या सुट्टीत आला असता आम्ही त्यास कापणीस नेले. पहिल्या दिवशी भाताची कुसे अंगास लागून तो रडकुंडीस आला; तिसऱ्या दिवशी स्वतःच भारा बांधू लागला. रात्री त्याने विचारले, “आजोबा, हे शेत कोणाचं?” आम्ही सातबारा काढून दाखविला. त्यावर आमच्यासह भाऊबहिणींची व दिवंगत काकांच्या वारसांची मिळून अकरा नावे आहेत. त्याने ती सर्व वाचली आणि म्हणाला, “ह्यांतले कापायला कोण कोण येतात?” ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. अकरांपैकी शेतावर येणारे आम्ही एकटेच.

हीच स्थिती आज पुष्कळ घरांची आहे. बैल गेले, यंत्र आले, त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. दापोलीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेथील सुधारित वाणांचा लाभ आपण अवश्य घ्यावा. रानडुकरे व वानरे पीक ठेवीत नाहीत, मजूर मिळत नाहीत, हेही खरे. तथापि जमीन पड टाकली की बांध फुटतात, रान माजते, हद्दी पुसतात, आणि मग कोणी गिऱ्हाईक आला की वारसांना ती विकून मोकळे व्हावेसे वाटते. ज्याने त्या जमिनीत कधी पाय भरविले नाहीत, त्याला ती विकताना दुःख तरी का व्हावे?

म्हणून ज्ञातिबांधवांस आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, दिवाळीची सुट्टी कापणीच्या वेळीच येते. त्या सुट्टीतले चार दिवस तरी नातवंडांस गावी पाठवावे व त्यांच्याकडून वयाला झेपेल ते काम करवून घ्यावे. दुसरी, सातबाऱ्यावरील सर्व वारसांनी, त्यांत लेकींनीही, वर्षातून एकदा एकत्र बसून कोणी काय कसावयाचे हे ठरवावे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे, तेव्हा जबाबदारीतही त्यांस बरोबर घ्यावे. तिसरी, प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या खाचरांची नावे, हद्दी, पाण्याच्या वाटा आणि कोणते भात कोठे चांगले येते, हे एका वहीत लिहून ठेवावे. ही माहिती सातबाऱ्यावर सापडत नाही.

आपल्या आजोबांनी परक्याची जमीन कसली, तरी तिचा कण अन् कण त्यांना माहीत होता. आपल्या नातवंडांकडे स्वतःची जमीन येणार आहे. तिची ओळख करून देणे एवढेच काम आता आपल्या पिढीकडे उरले आहे. येत्या कापणीस ते सुरू व्हावे, ही सर्वांस नम्र प्रार्थना.