मिनेटाच्या पाण्यावरचा स्टुडिओ : ‘इलेक्ट्रिक लेडी’ची वाटचाल

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील ५२, वेस्ट एट्थ स्ट्रीट ही वास्तू कलावंतांना नवखी नव्हती. १९२९ मध्ये फ्रेडरिक कीस्लर या वास्तुरचनाकाराने येथे फिल्म गिल्ड सिनेमा उभारला. पुढच्याच वर्षी तळघरात ‘व्हिलेज बार्न’ हा नाइट क्लब सुरू झाला. खेड्याचा देखावा, ग्रामीण नाच आणि चक्क कासवांच्या शर्यती अशा थाटात तो १९६७ पर्यंत चालला. त्याच्या जागी आलेल्या ‘जनरेशन’ क्लबात कलावंत जमत आणि रात्र रात्र वाजवीत बसत. जिमी हेन्ड्रिक्स त्यांपैकीच एक.

हेन्ड्रिक्स यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ रोजी सिअॅटलमध्ये झाला. ते डावखुरे होते. उजव्या हाताची गिटार उलटी धरायची आणि तिच्या तारा आपल्या सोयीने बदलून लावायच्या, ही त्यांची रीत अखेरपर्यंत टिकली. लष्करातील अल्पकाळाची नोकरी सुटल्यावर आयस्ली ब्रदर्स आणि लिटल रिचर्ड यांच्यामागे साथीला वाजवण्यात काही वर्षे गेली. १९६६ मध्ये याच ग्रीनिच व्हिलेजमधील ‘कॅफे व्हा’त ब्रिटिश संगीतकार चास चँडलर यांनी त्यांना ऐकले आणि सप्टेंबरमध्ये लंडनला नेले. १८ जून १९६७ रोजी माँटेरे महोत्सवात त्यांनी वादनाच्या शेवटी गिटार पेटवली. त्याच दिवशी दुपारी त्याच मंचावर पंडित रविशंकर यांची सतार झाली होती. वाद्याला अशी आग लावणे पंडितजींना रुचले नाही. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्या लोकांना त्यांचे म्हणणे पटावे. पण जाळण्याचा तो प्रसंग बाजूला ठेवला, तर हेन्ड्रिक्स यांचे खरे कर्तृत्व ध्वनीत होते. अॅम्प्लिफायरसमोर गिटार नेली की उठणारी घूं, जी इतर वादक टाळत, ती त्यांनी सुरासारखी ताब्यात घेतली. विजेची गिटार म्हणजे केवळ आवाज वाढवलेली गिटार नव्हे, हे त्यांच्यामुळे ऐकणाऱ्याला कळले.

असा ध्वनी घडवायला वेळ लागे, आणि भाड्याच्या स्टुडिओत वेळेचे पैसे पडत. १९६८ चा ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ हा दुहेरी अल्बम बराच काळ रेंगाळला आणि स्टुडिओची बिले फुगत गेली. त्याच वर्षी हेन्ड्रिक्स आणि त्यांचे व्यवस्थापक मायकल जेफ्री यांनी ‘जनरेशन’ क्लब घेतला. बेत होता क्लब चालवण्याचाच. जॉन स्टॉरिक या अवघ्या २२ वर्षांच्या तरुणाने त्याचा आराखडाही केला. मात्र ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांनी जागा पाहिली आणि क्लबाऐवजी स्टुडिओच बांधा, असा आग्रह धरला. आराखडा रद्द झाला. स्टॉरिक यांनी तोवर स्टुडिओचे तोंडही पाहिले नव्हते, तरी काम त्यांच्याकडेच राहिले. संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल.

घर पाहावे बांधून, या म्हणीचा अनुभव मग सर्वांनी घेतला. परवाने रखडले. मुसळधार पावसाने बांधकामात पाणी शिरले. खोदताना कळले की मिनेटा नावाचा जुना ओढा शहराच्या पोटातून या जागेखालून वाहतो. विहीर खणताना पाणी लागले की आपण नारळ फोडतो. येथे पाणी उपसणारे पंप बसवावे लागले, आणि त्या पंपांचा आवाज मायक्रोफोनपर्यंत पोहोचू नये म्हणून त्यांचाही बंदोबस्त करावा लागला. वेळ आणि पैसा दोन्ही ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट लागले. एकूण खर्च सुमारे १० लाख डॉलरवर गेला. मध्येच गंगाजळी आटली, तेव्हा वॉर्नर ब्रदर्स कंपनीच्या कर्जाने काम तरले. हेन्ड्रिक्स यांना कोपरे नको होते, म्हणून भिंतींना वळणे दिली. हवे तसे बदलता येणारे रंगीत दिवे बसवले. लान्स जोस्ट यांनी भिंतींवर अंतराळाची चित्रे रंगवली.

२६ ऑगस्ट १९७० रोजी ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओच्या उद्घाटनाचा सोहळा झाला. पॅटी स्मिथ ही तरुण कवयित्री निमंत्रण असूनही संकोचाने जिन्यातच थबकली होती. बाहेर पडणाऱ्या हेन्ड्रिक्स यांनी तिथे तिच्याशी चार शब्द बोलून घेतले. मग ते इंग्लंडला रवाना झाले. १८ सप्टेंबर रोजी लंडनमध्ये वयाच्या २७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. उद्घाटनाआधीचे दिवस धरूनही स्वतःच्या स्टुडिओत त्यांना काम करायला मिळाले ते जेमतेम दहा आठवडे.

मालकाविना संस्था बंद पडती, तर कोणाला नवल वाटले नसते. पण क्रेमर आणि ड्रमवादक मिच मिचेल यांनी अपुऱ्या टेप हाती घेतल्या आणि १९७१ मध्ये ‘द क्राय ऑफ लव्ह’ प्रसिद्ध झाला. स्टीव्ही वंडर येथे आले. ‘टॉकिंग बुक’मधील बरेचसे काम येथलेच. १९७५ च्या जानेवारीत डेव्हिड बोवी आणि जॉन लेनन यांनी येथे ‘फेम’ मुद्रित केले. त्याच वर्षी पॅटी स्मिथ परतल्या आणि त्यांचा पहिला अल्बम ‘हॉर्सेस’ याच जिन्याखाली तयार झाला. १९७७ मध्ये मालकी बदलली, तरी राबता थांबला नाही. १९८० मध्ये एसी/डीसीच्या ‘बॅक इन ब्लॅक’चे मिक्सिंग येथेच झाले.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गायक डीअँजेलो यांनी ‘वूडू’ या अल्बमसाठी येथे मुक्काम ठोकला. संगणकावरील मुद्रणाचा जमाना सुरू झालेला असताना त्यांनी मुद्दाम जुन्या टेपवर काम केले. तरीही पुढचा काळ ओढगस्तीचा गेला. रस्त्यावरची विटांची बाकदार दर्शनी भिंत १९९७ मध्येच पाडली गेली होती. २००२ मध्ये उमेदवार म्हणून आलेले ली फॉस्टर यांनी हळूहळू कारभार सावरला आणि २०१० मध्ये कीथ स्टोल्ट्झ यांच्यासह ते मालक झाले. २०२४ मध्ये स्टुडिओच्या उभारणीवर माहितीपट निघाला.

न्यूयॉर्कला जाणाऱ्या वाचकाला वॉशिंग्टन स्क्वेअरपासून हा पत्ता चालत काही मिनिटांत सापडेल. मात्र हे संग्रहालय नव्हे. दार ढकलून आत जाता येत नाही. आत कोणाचे ना कोणाचे ध्वनिमुद्रण चालू असते.