बेथानीचे घर : शोक आणि पाहुणचार

घरात मृत्यू झाला म्हणून पाहुणे यायचे थांबत नाहीत. किंबहुना त्याच दिवसांत ते अधिक येतात. डोळे पुसत चहाचे आधण ठेवणारी, येणाऱ्यासाठी सतरंजी अंथरणारी आणि मग आतल्या खोलीत जाऊन पुन्हा रडणारी बाई आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहे. इतिहासात मात्र तिची नोंद सहसा होत नाही. राजघराण्यांच्या सुतकाची वर्णने बखरींत सापडतात. साध्या घरातील शोक आणि त्याच घरातील स्वयंपाक यांची हकिकत क्वचितच कोणी लिहून ठेवली. पहिल्या शतकातील एका घरापुरती ती आपल्याला लाभली आहे. ते घर म्हणजे बेथानी गावातील मार्था, मरिया आणि लाजरस या भावंडांचे.

बेथानी हे जैतुनाच्या डोंगराच्या पूर्व उतारावरील गाव. योहान त्याचे जेरुसलेमपासूनचे अंतर पंधरा स्तादी, म्हणजे सुमारे 3 किलोमीटर सांगतो. शहरातून पायी निघालेला माणूस तासाभरात तेथे पोहोचत असे. सणाच्या दिवसांत शहर यात्रेकरूंनी भरून गेले म्हणजे अशा गावांतील घरांवर पाहुण्यांचा भार पडे. मार्था या अरामी नावाचा अर्थच मुळी 'घरधनीण' असा आहे.

या घराचे दर्शन शुभवर्तमानांत आपल्याला तीनदा घडते. लूक गावाचे नाव न सांगता मार्थेच्या घरच्या पाहुणचाराचा प्रसंग सांगतो. योहान अकराव्या अध्यायात लाजरसाचा मृत्यू आणि बाराव्या अध्यायात त्याच घराशी निगडित असलेले सायंकाळचे भोजन वर्णितो. पहिल्या प्रसंगात पाहुणचार आहे, दुसऱ्यात शोक आहे आणि तिसऱ्यात दोन्ही एकत्र आहेत.

पाहुणचार म्हणजे त्या काळी किती काम होते, याची कल्पना आम्हांस मिश्ना या यहुदी ग्रंथावरून येते. सुमारे इसवी सन 200 मध्ये संकलित झालेल्या या ग्रंथात गृहिणीची कामे क्रमाने दिली आहेत : दळणे, भाजणे, कपडे धुणे, स्वयंपाक करणे, मुलाला पाजणे, अंथरूण घालणे आणि लोकर कातणे. यादीत दळण पहिले आहे, ते उगीच नव्हे. जात्यावर पीठ पडल्यावाचून भाकरी नाही आणि भाकरीवाचून पाहुणचार नाही. आपल्या आज्यांनी पहाटे जी घरघर ऐकली, तीच बेथानीतही ऐकू येत असणार. एकटीवर काम पडल्याची मार्थेची तक्रार या पार्श्वभूमीवर वाचली, म्हणजे ती केवळ स्वभावाची कुरकुर वाटत नाही.

आता शोकाकडे वळू. मृतासाठी सात दिवस शोक करावा असे बेनसिराच्या ग्रंथात सांगितले आहे. योसेफानेही आपल्या पित्यासाठी सात दिवस शोक केला होता. या चालीचे तपशील मिश्ना आणि तिच्यावरील तालमुद या भाष्यग्रंथात येतात. ते नंतरच्या काळातले असल्याने प्रत्येक गोष्ट बेथानीला जशीच्या तशी लावता येणार नाही. तथापि त्यांतून त्या समाजाची रीत कळते. दफनानंतरचे पहिले जेवण शोककर्त्याने स्वतःच्या घरचे खायचे नाही. ते शेजाऱ्यांनी आणायचे. मसूर हे शोकाचे अन्न मानले जाई, कारण तो दाणा गोल आणि त्याला तोंड नाही. शोक करणाऱ्यालाही बोलायला तोंड नसते. कोकणातील आपले मराठीभाषक बेने इस्राएल बांधवही या सात दिवसांच्या परंपरेचेच वारसदार होत.

तालमुदातील एक आठवण विशेष मोलाची आहे. शोकाच्या घरी अन्न नेताना श्रीमंत लोक सोन्यारुप्याच्या परड्या नेत आणि गरीब लोक सोललेल्या वेताच्या. गरिबांना त्याची लाज वाटू लागली. तेव्हा असा दंडक घालण्यात आला, की सर्वांनीच वेताच्या परडीतून अन्न न्यावे. दफनाचा खर्चही इतका वाढला होता, की नातलगांना मृत्यूपेक्षा तो जड जाई आणि काही जण प्रेत टाकून पळून जात. अखेर रब्बान गमालिएल या थोर आचार्यांनी स्वतःचे दफन साध्या तागी वस्त्रात करविले आणि लोकांनी तीच रीत उचलली.

असा शोक बेथानीच्या घरात चालू असताना येशू गावाजवळ येतो. जेरुसलेमहून अनेक जण सांत्वनाला आलेले आहेत. मरिया रीतीप्रमाणे घरात बसून आहे. मार्था मात्र उठून वेशीबाहेर त्याला सामोरी जाते. पाहुण्याला सामोरे जाणे तिच्या हाडीमाशी खिळलेले होते. आणि याच वाटेवर ती येशू हा ख्रिस्त असल्याची स्पष्ट कबुली देते. पेत्राच्या मुखातून निघालेल्या कबुलीच्या तोडीची ही साक्ष स्वयंपाकघरातल्या बाईने भावाच्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी दिली, हे आपण पुरेसे ध्यानात घेत नाही. मरिया आली आणि पाया पडून रडली, तेव्हा येशूही रडला. एका बहिणीला त्याने शब्द दिले, दुसरीला अश्रू.

वल्हांडणापूर्वी सहा दिवस पुन्हा पंगत बसते. मार्था वाढते, लाजरस पानावर आहे आणि मरिया सुमारे 325 ग्रॅम शुद्ध सुगंधी तेल येशूच्या चरणांना लावते. त्याची किंमत 300 दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. हे तेल 'नार्द' वनस्पतीचे, म्हणजे बहुधा आपल्या हिमालयातील जटामांसीचे. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदरातून नार्द निर्यात होत असल्याचे म्हटले आहे. त्याच ग्रंथात आपल्या सोपारा आणि कल्याण या बंदरांचीही नावे आहेत. भारताच्या डोंगरातला सुगंध त्या दिवशी बेथानीच्या घरभर दरवळला असावा. येशूने त्याचा संबंध आपल्या दफनाशी जोडला. भाऊ परत मिळाल्याच्या आनंदाच्या पंगतीत पुढच्या वियोगाची तयारी झाली.

नंतरच्या इतिहासाने मात्र या भावंडांची ताटातूट केली. मार्था म्हणजे कर्म आणि मरिया म्हणजे चिंतन, अशी वाटणी आरंभीच्या भाष्यकारांनी केली. 591 च्या सुमारास महान ग्रेगरी यांनी एका प्रवचनात बेथानीची मरिया, मरिया माग्दालेना आणि लूकच्या शुभवर्तमानातील पापी स्त्री यांना एकच मानले. चौदाव्या शतकात माइस्टर एकहार्ट यांनी मार्थेलाच अधिक परिपक्व ठरविण्याचे धाडस केले, पण ते अपवादच. 1969 च्या सुधारित दिनदर्शिकेत मरिया माग्दालेनेचा दिवस 22 जुलैला राहिला, मार्थेचा 29 जुलैला. बेथानीच्या मरियेला मात्र सार्वत्रिक दिनदर्शिकेत स्वतंत्र जागा उरली नाही. अखेर पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने 26 जानेवारी 2021 च्या आदेशान्वये 29 जुलै हा दिवस मार्था, मरिया आणि लाजरस या तिघांचा झाला. घर पुन्हा एकत्र आले.

खुद्द गावानेही बरेच काही पाहिले. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी तेथे जमणाऱ्या भाविकांचे वर्णन लिहून ठेवले. बाराव्या शतकात राणी मेलिसेंद हिने आपली धाकटी बहीण इव्हेत हिच्यासाठी तेथे मठ उभारला. बेथानीत पुन्हा एका बहिणीने बहिणीसाठी घर बांधले. सोळाव्या शतकात कबरीशेजारी मशीद झाली आणि 1950 च्या दशकात वास्तुशिल्पी बार्लुत्सी यांच्या आराखड्यानुसार सध्याचे फ्रान्सिस्कन चर्च उभे राहिले. गावाचे आजचे अरबी नाव अल-अझरिया. त्यात लाजरसाचे नाव अजून जिवंत आहे.

आपल्याकडेही मृत्यूच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलेभात येतो. ही रीत आपण जपलीच पाहिजे. परंतु महिन्याच्या मिस्सेनंतरच्या जेवणात किती पदार्थ होते आणि किती पाने उठली, यांची चर्चा जेथे होऊ लागते, तेथे वेताची परडी मागे पडून रुप्याची पुढे आली असे समजावे. कर्ज काढून पंगत घालणाऱ्या कुटुंबाला दोनदा शोक करावा लागतो. अशा घरी आपण जाऊ, तेव्हा आपल्याबरोबर साधे अन्न असावे, आणि जिने दिवसभर सर्वांना वाढले त्या मार्थेलाही कोणीतरी हाताला धरून थोडा वेळ खाली बसवावे.