'टॅलेंट' : तराजूतून आलेला शब्द

आपल्या धर्मग्रामांच्या सणांत 'टॅलेंट स्पर्धा' आता रुळून गेली आहे. 'आमच्या पोरीत टॅलेंट आहे हो, फादर,' असे एखादी माउली कौतुकाने सांगते, तेव्हा आपण एका प्राचीन वजनाचे नाव घेत आहोत याची तिला कल्पना नसते. या शब्दाची वाट प्रभू येशूच्या एका दाखल्यातून गेली आहे, म्हणून तिचा थोडा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

ग्रीक भाषेत 'तालांतोन' म्हणजे तराजू. होमरच्या 'इलियड' महाकाव्यात झ्यूस सोन्याचा तराजू उचलून अकिलीस आणि हेक्टर यांचे मरण तोलतो, तेथे हाच शब्द आहे. पुढे तराजूत घालावयाच्या मापालाही तेच नाव पडले. 'उचलणे, पेलणे' अशा अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून हा शब्द निघाला, त्याच धातूपासून संस्कृतातील 'तुला' आली. म्हणजे तोलणे, तोळा, तूळ रास ही आपल्या घरची मंडळी 'टॅलेंट'च्या नात्यातली. सोसणे या अर्थाचा इंग्रजी 'टॉलरेट' हाही त्याच गोतातला.

अथेन्सचा एक तालांत म्हणजे ६,००० द्राख्मा, वजनाने सुमारे २६ किलो चांदी. आपल्या हिशेबाने सव्वादोन हजार तोळ्यांच्या आसपास. जुन्या करारातील हिब्रू 'किक्कार' हे माप याहून जड, ३,००० शेकेलांचे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठीही 'तालांतोन' हाच शब्द योजिला.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाकडे या हिशेबाने पाहावे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराचा रोज एक दिनार आहे, आणि दिनार साधारण द्राख्माच्या तोलाचा. वर्षाला तीनशे दिवस काम धरले, तर एक तालांत ही वीस वर्षांची मजुरी होते. ज्याला 'फक्त एक' मिळाला म्हणून आपण त्या तिसऱ्या चाकराची कीव करतो, त्याच्या हाती धन्याने एवढी रक्कम ठेवली होती! त्याने ती पुरली, यातही त्या काळी वावगे काही नव्हते. ठेव जमिनीत पुरणे हाच तिच्या रक्षणाचा उत्तम मार्ग, असे यहुदी शास्त्र्यांचे मत तालमूदमध्ये नोंदलेले आहे. धन्याचा राग त्यापलीकडचा आहे. निदान सावकाराच्या पेढीवर तरी ठेवायची होतीस, असे तो म्हणतो.

आणखी एक गोष्ट वाचताना सहसा निसटते. धन्याने तालांत वाटले ते ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे. म्हणजे योग्यता चाकरांकडे आधीच होती; तालांत हा धन्याचा पैसा होता. व्याख्यानकारांनी मात्र शतकानुशतके या पैशाचा अर्थ ईश्वराने दिलेले गुण असा लावला, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत तो अर्थ शब्दालाच चिकटला. त्याआधी जुन्या फ्रेंचमध्ये व इंग्रजीतही 'टॅलेंट'चा अर्थ इच्छा, मनाची ओढ असा होत असे. मराठीत आपण 'मनाचा कल' म्हणतो, तोही झुकत्या पारड्यासारखाच.

सतराव्या शतकात दृष्टी गमावलेल्या कवी मिल्टनने आपल्या अंधत्वावरील सुनीतात हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला : पुरलेली ठेव तीच आणि वापराविना पडलेली काव्यशक्तीही तीच. पुढे दाखला मागे पडला आणि गुण तेवढा उरला. 'टॅलेंटेड' हे विशेषण रूढ होऊ लागले, तेव्हा १८३२ साली कोलरिज भलताच वैतागला. मग शिलिंगापासून आणि फार्दिंगपासूनही विशेषणे का बनवू नयेत, असा त्याचा सवाल होता. त्याचे कोणी ऐकले नाही. पण नाण्यांची नावे घेऊन त्याने शब्दाच्या मुळावर बोट ठेवले होते, असे आम्हांस वाटते.

आज हा शब्द उच्चारताना ठेव आठवत नाही आणि धनीही आठवत नाही. स्पर्धेत ज्या मुलाचा नंबर येत नाही, त्याच्यात 'टॅलेंट नाही' असे आपण बेलाशक म्हणून टाकतो. दाखल्यात रिकाम्या हाताचा चाकर एकही नाही. मराठीत याच अर्थाने दोन बोल आहेत. 'गाणे तिच्या अंगातच आहे' हा एक, आणि 'तिला गळ्याची देणगी आहे' हा दुसरा. आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडी दुसराच अधिक असे.