पाखल्यांची पोरं

आमच्या फोंड्यात १९ डिसेंबर म्हटलं की भारतीय सैन्य आलं नि पाखले गेले, एवढंच सांगतात. पण पाखले लगेच गेले नाहीत, मंडळी! तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत गोव्यातच कैदेत होते. त्यांची एक छावणी फोंड्यात होती. आजी सांगायची, "राग तर होताच. पण तारेपलीकडची ती विशीतली पोरं बघितली की पोटात कालवायचं."

त्यातली बरीच सक्तीच्या भरतीतली. सालाझारचा हुकूम होता, शरण जायचं नाही. गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यांनी तो मोडला, म्हणून ती वाचली. बक्षीस काय? घरी बेअब्रू, आणि १९६३ मध्ये गव्हर्नरांची लष्करातून हकालपट्टी.

आपल्याकडचं प्रकरण संपलं, पण त्यांचं तर सुरू होत होतं. १९६१ मध्येच अंगोलात युद्ध पेटलं, मग गिनीत, मोझांबिकात. तेरा वर्षं चाललं. नव्वद लाखांच्या आतल्या त्या देशाने सुमारे आठ लाख तरुण आफ्रिकेत धाडले. भरती टाळायला हजारो पोरं चोरून सीमा ओलांडून फ्रान्सला गेली. १९६९ मध्ये कोइंब्राचे विद्यार्थी सरकारविरुद्ध उठले, तर त्यांच्यातल्या काहींना शिक्षा म्हणून लष्करात घातलं. म्हणजे देशसेवा ही सजा झाली! चर्चमध्येही दोन तट पडले. बडे धर्मगुरू सरकारकडे, आणि १९७२ च्या अखेरीस लिस्बनच्या रातो चॅपेलात शांततेसाठी जमलेल्या भाविकांना पोलिसांनी उचललं.

शेवटी फौजच दुभंगली. अधिकारी कमी पडले, म्हणून १९७३ मध्ये सरकारने भरतीतल्या अधिकाऱ्यांना थोड्या शिक्षणावर कायम करायचं ठरवलं. अकादमीतून आलेले कॅप्टन चिडले. ज्येष्ठतेच्या या भांडणातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि तिनेच २५ एप्रिल १९७४ ला राजवट उलथवली.

नव्या सरकारने व्हासालो इ सिल्व्हांना पुन्हा सन्मानाने लष्करात घेतलं. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात गोवा भारताचा असल्याचंही मान्य केलं. आपण तेरा वर्षं मोकळे होतो. पाखल्यांच्या पोरांना मोकळं व्हायला मात्र तेवढी वर्षं लागली.

तुमच्या घरच्या जाणत्यांनी त्या छावण्या पाहिल्या असतील, तर खाली जरूर लिहा.