जुनी तांब्याची भांडी : आपल्या ज्ञातीचा न वाचलेला इतिहास

आपल्या ज्ञातीचा साद्यंत इतिहास लिहिला जावा, अशी सूचना ज्ञातिबांधवांच्या बैठकींतून वारंवार पुढे येते आणि प्रत्येक वेळी ती एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. साधने कोठून आणावयाची? देशमुख-देशपांड्यांच्या घरी दप्तरे असतात, सावकारांच्या घरी खतावण्या असतात, उपाध्यायांच्या घरी पोथ्या असतात. तांबटाच्या घरी हातोडे असतात. आपल्या वाडवडिलांनी कागदावर फारसे काही लिहून ठेवले नाही. जे काही लिहिले ते तांब्यावर लिहिले, आणि तेही दुसऱ्याचे नाव. तेव्हा साधने नाहीत असे म्हणून हात झाडून मोकळे होण्यापूर्वी, जी साधने महाराष्ट्रातील हजारो घरांच्या माळ्यांवर जंगाल चढून पडली आहेत व जी दररोज मोडीच्या भावाने वितळत आहेत, त्यांच्याकडे एकवार पाहावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

गेली सुमारे तीस वर्षे आम्ही हाताने घडविलेली जुनी तांब्याची भांडी जमवीत आहोत. या छंदाचा उगम एका खेदात आहे, हे मोकळेपणी सांगणे बरे. आमच्या आजोबांनी स्वतः घडविलेला पाणी तापविण्याचा एक बंब आमच्या घरी होता. मध्यभागी विस्तवाचा नळा, खाली राख पडावयाची जाळी, वर थंड पाणी ओतावयाचे तोंड आणि कडेला पितळी तोटी. वरून थंड पाणी घातले की तितकेच कढत पाणी तोटीतून बाहेर यावयाचे. घरात विजेवर पाणी तापू लागले आणि तो बंब अडगळ झाला. एके दिवशी तो तराजूत चढला व त्याच्या बदल्यात स्टेनलेस स्टीलचे डबे घरात आले. त्या व्यवहाराच्या वेळी आम्ही तेथे हजर होतो आणि आनंदित होतो. डबे चकचकीत होते. आजोबांनी घडविलेली दुसरी एकही वस्तू आज आमच्यापाशी नाही.

तांब्याचा व आपल्या भूमीचा संबंध किती जुना, हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. प्रवरेच्या काठी जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. त्याच नदीवरील दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल बांधवास जमीन खणताना रथ, गेंडा, हत्ती व रेडा अशी चार भरीव शिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरले. ज्यांनी ती ओतली ते आपले पूर्वज होते, असा दावा करण्याचा मोह आम्हांस होत नाही. साडेतीन-चार हजार वर्षांचे अंतर अभिमानाच्या एका उडीत ओलांडता येत नसते. परंतु जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखाची गोष्ट निराळी. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या ब्राह्मी लेखात, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी व कासाकारांची श्रेणी यांच्याकडे धर्मकार्यासाठी रक्कम ठेव म्हणून दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे धातूची भांडी करणारे कारागीर तेव्हा संघटित होते आणि लोक विश्वासाने त्यांच्याकडे पैसा ठेवीत होते. आज ज्ञातिसंस्थेची पतपेढी चालविणाऱ्यांनी हा लेख अवश्य पाहून यावा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लेखात श्रेणी आहे, कारागीर नाही. ताम्रपटांचीही तीच कथा. दान देणाऱ्या राजाची वंशावळ, घेणाऱ्याचे गोत्र, गावाच्या चतुःसीमा, क्वचित अक्षरे कोरणाऱ्याचे नाव, हे सारे त्यावर असते. ज्याने तो पत्रा ठोकून सपाट केला, त्याचा मात्र त्यात पत्ता नसतो.

पुण्यातील कसबा पेठेची तांबट आळी कोणास ठाऊक नाही? कोकणातून, विशेषतः चौल-रेवदंड्याच्या बाजूने, आपली घराणी पेशवाईत पुण्यास आली असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. आळीतून जाणाऱ्यास पूर्वी बोलणे ऐकू येत नसे. ठोक्यांचा तो अखंड नाद इतका परिचित होता की, उन्हाळ्यात झाडावर बसून टुक्-टुक् असा सूर लावणाऱ्या चिमुकल्या हिरव्या पक्ष्यालाही लोकांनी आपलेच नाव दिले. १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला, मुंबईच्या बंदरात उतरणारा विलायती पत्रा थेट पुण्यात येऊ लागला आणि धंद्याचे स्वरूप पालटले. तांब्याची लादी ठोकून ठोकून पत्रा करण्याचे कष्ट वाचले, कामही वाढले. ही घटना भांड्यांतही दिसते. ज्या भांड्याचा पत्रा बोटांना कोठे जाड, कोठे पातळ लागतो ते बहुधा त्या पूर्वीच्या पद्धतीचे. ज्याची जाडी सर्वत्र सारखी ते मागाहूनचे. अर्थात हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. हातोड्याखाली पत्रा ताणला जातो तेव्हा नव्या भांड्याचा घेरही पातळ होतोच.

भांडे वाचावयाचे ते कसे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण संग्रह करणारे बहुतेक लोक भांड्याचा आकार आणि रंग पाहतात व नेमके महत्त्वाचे सोडून देतात. प्रथम सांधा पाहावा. जुन्या हंड्याच्या अगर घागरीच्या अंगावर करवतीच्या दात्यांसारखी एक नागमोडी रेघ दिसते. दोन पत्र्यांच्या कडांना दाते कापून, ते एकमेकांत अडकवून, वर टाकणखार व पितळी डाक घालून तो सांधा भट्टीत एकजीव केलेला असतो. तांब्याच्या लाल अंगावर डाकाची ती पिवळसर रेघ शंभर वर्षांनीही लपत नाही. यंत्रावर फिरवून केलेल्या भांड्याला हा सांधा नसतो. त्याच्या तळाशी वर्तुळे उमटलेली असतात. नंतर मठार पाहावा. तांबे ठोकू लागले की ते कडक होते, म्हणून पुन्हा पुन्हा लाल करून ते मऊ करावे लागते. मात्र शेवटचे ठोके, गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने ओळीने घातलेले, तसेच राखतात. त्यांनी भांड्याला बळकटी येते आणि प्रत्येक ठोक्याची वाटोळी टिकली उजेडात चमकते. अलीकडे ज्यास शोभा समजून लोक पैसे मोजतात, तो मठार मुळात भांडे चेमटू नये म्हणून आहे.

मग आतून पाहावे. आत कल्हईचा मागमूस असेल तर त्यात अन्न शिजत होते. बिनकल्हईच्या भांड्यात ताक अगर आमटी ठेवली तर ती कळकते, हे आपल्या घरातील लहान मुलासही सांगावे लागत नसे. कल्हई मुळीच नसेल तर ते पाण्याचे, स्नानाचे किंवा देवपूजेचे. हंडा, घंगाळ, ताम्हण, पंचपात्री यांना कथील लागत नाही. शेवटी तळ पाहावा. तळाला ठिगळ असल्यास दुकानदार किंमत उतरवितो. आम्ही मात्र असे भांडे आधी उचलतो. एका सतेल्याच्या तळास आम्ही तीन ठिगळे मोजली, तिन्ही निरनिराळ्या जाडीच्या पत्र्यांची. म्हणजे तीन वेळा ते भांडे तांबटाच्या दारी आले आणि तीन वेळा त्या गृहिणीने नव्या भांड्याऐवजी जुनेच सांधून नेले. तांबे महाग होते, एवढाच याचा अर्थ की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे.

आता नावांविषयी. भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक होती. बारीक टाकीने टिंबाटिंबांनी घातलेली ही अक्षरे, जुन्या भांड्यांवर पुष्कळदा मोडी लिपीत, आम्ही इतिहासाचे अस्सल कागद मानतो. कोणाच्या लग्नात मिळाले, कोणाच्या स्मरणार्थ देवळास दिले, कोणत्या गावाहून आले, कधी शकाचे वर्ष, क्वचित भांड्याचे वजन, एवढे त्यांत असते. शके १८०२ असे वाचावयास मिळाले म्हणजे त्यात ७८ मिळवून १८८०-८१ हे इसवी सन काढावे. बायकांची नावे कागदपत्रांत जितकी सापडत नाहीत तितकी भांड्यांवर सापडतात, हेही येथे नमूद करावयास हवे.

याच बाबतीत आमच्या हातून एक अपराध घडला आहे. छंदाच्या पहिल्या वर्षांत जुन्नरच्या बाजारात एक जड कळशी मिळाली. ती काळवंडली होती म्हणून एका दुकानी यंत्रावर चकाकी आणण्यास दिली. संध्याकाळी ती आरशासारखी होऊन आली. खांद्याखाली मोडीची दीड ओळ होती, ती घासून गेली होती. घेतेवेळी आम्ही ती पाहिली होती. सवडीने वाचू म्हणून वाचली नव्हती. त्या कारागिरास दोष देण्यात अर्थ नाही, त्याने सांगितले तेच केले. तेव्हापासून चिंच, मीठ आणि मऊ फडके याखेरीज आम्ही भांड्यास काही लावीत नाही, आणि अक्षरांच्या जागी तेही जपून.

संग्रहाच्या कामी महाराष्ट्रात ज्यांचे नाव प्रथम घ्यावयाचे ते डॉ. दिनकर केळकर (१८९६-१९९०). कविता लिहिताना त्यांनी ‘अज्ञातवासी’ हे नाव घेतले आणि संग्रहालयास अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. वाड्यावाड्यांतून दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वापरातील वस्तू त्यांनी आयुष्यभर वेचल्या आणि तो सारा ठेवा राज्य शासनास दिला. जी वस्तू घरच्यांना टाकाऊ वाटत होती तीत कला आहे, हे त्यांनी पुण्यास शिकविले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील वाडे पडले, तेव्हा वाड्यांबरोबर माजघरे गेली आणि माजघरांबरोबर काय काय गेले, याची मोजदाद कोणी केली नाही. केळकरांनी आधीच जमविले होते ते वाचले, असेच म्हणावे लागते.

हल्ली या वस्तूंना बरा भाव येतो. त्याबरोबर लबाडीही आली आहे. नव्या भांड्यास आम्ल लावून हिरवा जंगाल चढवितात आणि ते पेशवाईतले म्हणून विकतात. असा जंगाल नखाने निघतो व खाचांपेक्षा उठावावरच अधिक दिसतो. काशीहून आणलेले, डाकाने तोंड बंद केलेले गंगेचे गडूही पुण्याचे काम म्हणून गळ्यात मारले जातात. ते काशीचे, त्याचे श्रेय काशीच्या कारागिरांस. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्यान्वये खाजगी व्यक्तीस परदेशी नेता येत नाही, हेही परदेशस्थ आप्तांस भेट देऊ इच्छिणाऱ्या बांधवांनी ध्यानी ठेवावे.

परंतु आमचे खरे गाऱ्हाणे निराळे आहे. आजवर शेकडो भांडी आमच्या हातांखालून गेली. मालकाचे नाव पुष्कळांवर आहे, दात्याचे आहे, देवाचे आहे. घडविणाऱ्याचे नाव एकावरही आढळले नाही. दुसऱ्याचे नाव टिंबाटिंबांनी सुरेख घालणाऱ्या त्या हाताला आपले नाव तेथेच एका कोपऱ्यात घालता आले नसते काय? आले असते. ते घालावे असे त्याला वाटले नाही, किंवा तसे वाटू देण्याची रीत नव्हती. संग्रहालयांतील पाट्या त्याची उणीव भरून काढू शकत नाहीत. ‘तांब्याचे घंगाळ, महाराष्ट्र’ एवढेच त्या म्हणतात. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची भांडी घडविण्याची परंपरा युनेस्कोने २०१४ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तेथे मान वस्तूला नव्हे, हाताला मिळाला. आपल्याकडे हात ओळखणारी माणसे अजून आहेत, पण थोडी.

तीन वर्षांपूर्वी एक घंगाळ आम्ही आळीतील एका वृद्ध कारागिरांकडे नेले. दृष्टी मंदावल्यामुळे त्यांनी काम सोडले होते. त्यांनी ते मांडीवर घेतले, पाहिले नाहीच, मठाराच्या ओळींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “डावखुऱ्याचा हात आहे. ओळ उलटी चढली आहे.” मग थोडे थांबून, “आमच्या थोरल्या काकांचं काम. आळीत डावखुरे तेवढेच होते.” त्यांनी सांगितलेले नाव, घराणे व अदमासे काळ आम्ही तेथेच एका चिठ्ठीवर लिहून घेतला, खाली त्यांची सही घेतली आणि चिठ्ठी घंगाळाच्या कडीस बांधली. पुढच्या दर खेपेस दोन-तीन भांडी घेऊन आम्ही त्यांच्याकडे जात होतो. गेल्या पावसाळ्यात ते वारले. तोवर अकरा भांड्यांना चिठ्ठ्या बांधून झाल्या होत्या. ज्यांच्या घरी असा अंगठा अजून आहे, त्यांनी आम्हांस कळवावे. भांडी घेऊन येण्याची जबाबदारी आमची.