पिवळ्या दिव्याचं आजोळ

गाडी सुरळीत धावतेय, ॲव्हरेज नेहमीचंच, इंजिनाचा आवाजही ठीक, आणि तरी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला की कोड निघतो पी०४४२ किंवा पी०४५६. म्हणजे पेट्रोलची वाफ कुठूनतरी गळतेय. भोक केवढं? पहिल्यात साधारण एक मिलिमीटरचं, दुसऱ्यात अर्ध्याचं. इंजिनाला ज्याचं सोयरसुतक नाही अशा भोकासाठी इंजिनाचा दिवा का पेटावा, या प्रश्नाच्या मागे लागलो आणि पोचलो थेट अननसापाशी.

दिव्याची रूढ वंशावळ सरळ आहे. १९३० च्या दशकात हडसन गाड्यांत इशाऱ्याचे दिवे आले, १९८१ मध्ये जनरल मोटर्सच्या संगणकाबरोबर 'चेक इंजिन' सर्वदूर झाला, १९९६ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष स्वतःच तपासायची पद्धत, सक्तीची झाली. गॅरेजवाले याच घराण्याचं नाव सांगतील. हे पितृकुळ मलाही मान्य आहे. पण वाफगळतीचा दिवा गेलाय आजोळावर, आणि ते आजोळ म्हणजे लॉस एंजेलिसचं धुरकं.

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असं धुरकं उतरलं की जपान्यांनी विषारी वायू सोडला, अशी लोकांना शंका आली. मग संशय शहरातल्या कृत्रिम रबराच्या एका कारखान्यावर गेला, पुढे तेलशुद्धीकरणावर, घरामागे कचरा जाळायच्या भट्ट्यांवर. जवळच पासाडेनाच्या कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट हा उट्रेख्तचा डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या वासात नेमकी कोणती द्रव्यं असतात हे शोधत होता. वास धरायचा तर हवा अतिथंड नळ्यांतून ओढून त्यातलं द्रव्य गोठवायचं, ही त्याची हातोटी. तीच त्यानं खिडकीबाहेरच्या हवेवर चालवली. हाती आले तपकिरी, घाणेरड्या वासाचे थेंब.

तेल कंपन्यांच्या पैशावर काम करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एका वक्त्यानं कॅलटेकमध्येच येऊन त्याच्या निष्कर्षांची खिल्ली उडवली. गडी चिडला आणि अननस सोडून धुरक्याच्या मागे लागला. (तो वक्ता जरा सभ्यपणे बोलला असता तर हा दिवा आणखी दहा वर्षं उशिरा आला असता, असं माझं मत.)

त्यानं दाखवलं ते असं: पेट्रोलमधली न जळलेली हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. माझा सगळा दावा याच वाक्यावर उभा आहे. धुरकं म्हणजे नुसता धूर असता तर सायलेन्सरवर इलाज करून भागलं असतं. हायड्रोकार्बन्स दोषी ठरली, आणि मग सावलीत उभ्या गाडीच्या टाकीतून उडणारी वाफही आरोपीच्या पिंजऱ्यात आली.

यावर आक्षेप येतो की वाफ अडवली ती आगीच्या भीतीनं, नाहीतर पेट्रोल वाचवायला. मला पटत नाही. कित्येक दशकं टाकीच्या झाकणाला श्वासासाठी मुद्दाम भोक ठेवलेलं असे. तेव्हा आगही लागत होती आणि पेट्रोलही उडत होतं, पण भोक कुणी बुजवलं नाही. ते बुजलं १९७० मध्ये कॅलिफोर्नियात आणि पुढच्या वर्षी सगळ्या अमेरिकेत. त्याआधी दोन वर्षं, १९६८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला होता हाच अननसवाला.

तेव्हापासून वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात जाऊन जळते. कोळसा पहिल्या महायुद्धातल्या गॅस-मास्कच्या भाऊबंदांपैकी. संगणक व्हेंट व्हॉल्व्ह बंद करतो, इंजिनाच्या ओढीनं टाकीत निर्वात करतो आणि दाब टिकतो का ते पाहतो. दोन फेऱ्यांत टिकला नाही की दिवा.

भोक शोधायला मेकॅनिक पाइपांत धूर सोडतो. धूर सोडायचं हे यंत्र नाटकाच्या धुक्यावरून आलं म्हणणारे आहेत. मी त्याला व्हिक्टोरियन इंग्लंडच्या गटारांचा वंशज मानतो. तिथे मलपाइपाची गळती शोधायला वरून पेपरमिंटचं तेल ओतत आणि घरात वास घेत. ओतणाऱ्याला आत यायची बंदी, कारण त्याच्या हातालाच वास! पुढे तेलाऐवजी धूर सोडू लागले. नाटकातला धूर लपवायला असतो. बंद पाइपात हलक्या दाबानं धूर भरायचा आणि तो कुठून डोकावतो ते पाहायचं, ही रीत गटारवाल्यांची, जशीच्या तशी.

आपल्याकडे २०१७ च्या बीएस-४ पासून स्कूटरलाही कॅनिस्टर आला. मोटारीत दिवा पेटला तर धुराच्या आधी टाकीचं झाकण 'कटकट' वाजेपर्यंत फिरवावं, त्याचं रबरी वॉशर चिरलंय का पाहावं. झाकण नीट बसलं तरी दिवा लगेच विझत नाही. संगणक सलग तीन फेऱ्यांत तपासणी पास झालेली पाहतो, मगच मानतो. तेवढा धीर नसेल तर कोड पुसायला स्कॅनर आहेच.