पाइनचे झाड आणि चंदेरी तबकडी

जुन्या घरांतून तबकडी म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. काळी, जड आणि सुईखाली खरखरणारी. त्या खरखरीची कानांना इतकी सवय होऊन जाई की ती गाण्याचाच एक भाग वाटे. पुढे तबकडी लहान झाली, चंदेरी झाली आणि तिच्या पोटात गाण्याबरोबर चित्रही मावू लागले. खरखर गेली. पण ती जाताना आणखी काही घेऊन गेली का, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. एका हसऱ्या विज्ञानपटाच्या तबकड्यांची हकीकत पाहिली म्हणजे हे ध्यानात येते.

तो चित्रपट म्हणजे रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘बॅक टु द फ्यूचर’. ३ जुलै १९८५ रोजी तो अमेरिकेत झळकला. मार्टी नावाचा शाळकरी पोरगा आणि डॉक ब्राउन नावाचा केस पिंजारलेला शास्त्रज्ञ ही त्यातली जोडी. डॉकने एका मोटारीचे कालयंत्र केलेले असते. तिने ताशी ८८ मैलांचा वेग गाठला की ती काळ ओलांडून जाते. मार्टी १९५५ सालात जाऊन पडतो, आपल्या आईबापांच्या लग्नाआधीच्या भेटीत नकळत विघ्न आणतो, आणि मग स्वतःचा जन्म वाचवण्यासाठी त्या दोघांचे जुळवून देण्याची पाळी त्याच्यावर येते. त्याच्या खिशात भावंडांचा एक फोटो असतो. बेत फसत चालला की त्या फोटोतली माणसे एकेक करून पुसट होत जातात.

या चित्रपटाची खरी मौज बारीकसारीक गोष्टींत दडलेली आहे. आरंभी मार्टी ज्या बाजारसंकुलाजवळ डॉकला भेटतो त्याचे नाव ‘ट्विन पाइन्स मॉल’, म्हणजे जुळ्या पाइनचे संकुल. १९५५ सालात उतरल्यावर गडबडीत मार्टीची मोटार एका शेतकऱ्याचे पाइनचे रोपटे मोडून टाकते. शेवटी तो परत येतो तेव्हा पाटीवर असते ‘लोन पाइन मॉल’, एकट्या पाइनचे संकुल. याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. पाहणाऱ्याने पाहिले तर त्याचे, नाही तर गेले. तसेच अगदी पहिल्या दृश्यात डॉकच्या घरात असंख्य घड्याळे टिकटिकत असतात. त्यांतल्या एकावर काट्याला लोंबकळणारा चिमुकला माणूस आहे. हा हॅरल्ड लॉइड, १९२३ सालच्या ‘सेफ्टी लास्ट’ या मूकपटातला. चित्रपटाच्या अखेरीस डॉक स्वतः गावच्या मनोऱ्यावरील घड्याळाला तसाच लोंबकळतो. डॉकची भूमिका करणाऱ्या नटाचे आडनावही लॉइडच!

म्हणजे इथे चित्राची स्वच्छता हा निव्वळ शौक राहत नाही. चित्र धूसर झाले की विनोदच हरवतो.

चित्रपटगृहात हे सारे ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवरून पडद्यावर येई. काही निवडक ठिकाणी ७० मिलिमीटरच्या मोठ्या प्रती गेल्या, त्यांवर ध्वनीच्या सहा चुंबकीय पट्ट्या होत्या. ध्वनिपरिणामांच्या संकलनासाठी या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, त्यावरून आवाजावर किती मेहनत झाली होती याची कल्पना येईल. मग १९८६ साली तो व्हिडिओ टेपवर घरोघर पोहोचला. टेपवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच तपशील टिके. पाटी वाचता येई, पण घड्याळावरचा तो चिमुकला माणूस म्हणजे एक ठिपका. टेपवाल्यांनी वर एक भरही घातली. मूळ चित्रपट मोटार उडून जाते तिथे संपतो, टेपवर मात्र शेवटी ‘पुढे चालू’ अशी अक्षरे आली. २००२ च्या डीव्हीडीवर ती काढून टाकण्यात आली. आजही कित्येक जण शपथेवर सांगतात की ती अक्षरे आम्ही थिएटरात पाहिली! काळात मागे जाऊन स्मृती बदलायला मोटारच लागते असे नाही.

तबकडीचे तंत्र मोठे सुबक आहे. तिच्यात सूक्ष्म खळगे कोरलेले असतात आणि सुईऐवजी लेसरचा किरण ते वाचतो. किरणाच्या लहरीची लांबी जितकी कमी, तितके बारीक खळगे त्याला ओळखता येतात. डीव्हीडीचा तांबडा किरण ६५० नॅनोमीटरचा, तर ब्लू-रेचा निळसर जांभळा ४०५ नॅनोमीटरचा. त्यामुळे १२ सेंटिमीटरच्या तेवढ्याच चकतीवर, एका थरात, डीव्हीडीचे ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेचे २५. टाक जितका बारीक, तितके एका पानात अक्षर अधिक मावते, तसेच हे. चित्राच्या ओळी अमेरिकेतील डीव्हीडीवर ४८०, ब्लू-रेवर १०८०, आणि पुढच्या अल्ट्रा एचडी तबकडीवर २१६०.

पण यंत्र सुधारले म्हणून माणसाची चूक टळत नाही. डिसेंबर २००२ मध्ये तिन्ही भागांच्या डीव्हीडी अमेरिकेत एकत्र निघाल्या. चित्रीकरणाच्या वेळी फिल्मवर वरखाली थोडे जास्तच टिपलेले असते. पडद्यावर त्याचा किती आणि कोणता भाग दाखवायचा हे दिग्दर्शक आणि छायालेखक ठरवतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या तबकड्या करताना ही चौकट कित्येक दृश्यांत चुकीच्या जागी धरली गेली, आणि जे दिसायला हवे तेच कडेबाहेर गेले. रसिकांनी ओरड केली. युनिव्हर्सल कंपनीने दुरुस्त तबकड्या काढून जुन्या बदलून दिल्या. नव्यांवर ओळखीसाठी बारीक ‘व्ही २’ छापले होते.

२०१० साली, पंचविसाव्या वर्षी, ब्लू-रे आली. आता तो लोंबकळणारा माणूस लख्ख दिसू लागला. पण जाणकारांची वेगळीच तक्रार होती: चेहरे जरा मेणाचे वाटतात. फिल्मवरचे चित्र रासायनिक कणांचे बनलेले असते आणि पडद्यावर ते कण सळसळत राहतात. संगणकाने ती सळसळ घाण समजून पुसली की तिच्याबरोबर कातडीवरची बारीक रेघ आणि कापडाचा पोतही पुसला जातो. ग्रामोफोनची खरखर काढताना गाणाऱ्याचा श्वासही निघून जावा, तसाच हा प्रकार.

२०२० च्या अल्ट्रा एचडी तबकडीवर हे कण बऱ्याच अंशी परत आले, आणि पाहणाऱ्यांना तीच आवृत्ती फिल्मला अधिक जवळची वाटली. आवाजाचे मात्र उलट झाले. या तबकडीवर ॲटमॉस पद्धतीचा, डोक्यावरूनही येणारा ध्वनी आहे, आणि ही पद्धत थिएटरांत आली तीच मुळी २०१२ साली. तेव्हा मनोऱ्यावरची वीज आज छतातून कडाडते ती ऐकायला झकास, पण १९८५ सालच्या प्रेक्षकाने ती तशी ऐकलेली नाही. चित्र भूतकाळाकडे परतले आणि ध्वनी भविष्यात गेला! या चित्रपटाला ते शोभते, हेही खरे.

मग खरी प्रत कोणती? प्रत्येक तबकडी १९८५ सालात परत गेली, आणि प्रत्येकीने येताना कुठले तरी रोपटे मोडले. कधी चौकट सरकली, कधी कण पुसले गेले, कधी वीज छतावर चढली. मार्टीप्रमाणे हेतू सर्वांचा चांगलाच होता. समाधान एवढेच की मूळ फिल्म आहे तोवर चूक सुधारता येते, आणि फोटोतली पुसट झालेली माणसे पुन्हा उमटतात. ज्या बोलपटांच्या मूळ फिल्मच उरल्या नाहीत, आपल्याकडचा १९३१ सालचा ‘आलम आरा’ त्यांतलाच एक, त्यांना असे परतणे नाही.

या दिवाळीत फराळाची ताटे घेऊन घरची मंडळी हा चित्रपट पाहायला बसलीच, तर आरंभीची पाटी आणि शेवटची पाटी दोन्ही नीट पाहा. मुलांना आधीच सांगू नका. बहुधा तीच आपल्याआधी ओरडतील.